तिसरी गोलरक्षक

त्या रविवारी सामना बघायला सगळे दुकानामागच्या कारखान्यात जमले, कारण घरातला टीव्ही लहान आणि माणसं दांडगी. काच कापायच्या लांबरुंद टेबलावर माईंनी जुनी चादर अंथरली, तिच्यावर चहाचे पेले आणि केक मांडला, आणि टीव्ही त्यांच्या मुलानं वरच्या फळीवर चढवून ठेवला. समोरच्या भिंतीला गिऱ्हाइकांचे आरसे टेकवलेले होते. त्यामुळे सामना एकदा पुढे चालला होता आणि चार-पाचदा पाठीमागे, उलटा. माईंचे यजमान अण्णा मधूनच मान वळवून आरशांकडे बघत आणि विचारत, "या बाजूला तरी आपण पुढे आहोत का?"

कुठल्याच बाजूला नव्हते. स्पर्धेतला दुसरा सामना, आणि आपला संघ तीन गोलांनी मागे.

एकच माणूस तिथे नव्हतं. पातळ भिंतीच्या पलीकडे कडा घासायचं यंत्र घरघरत होतं, आणि रविवारी ते चालवायचं कुणालाही काही कारण नव्हतं. माईंची लेक तिकडे होती. सामना सुरू व्हायच्या आधी ती एवढंच म्हणाली, "एका खिडकीची काच राहिलीय," आणि दार ओढून घेतलं.

घरात तिला तोफ म्हणत. शाळेत असताना तिनं अंगणात चेंडू फेकून दुकानाची दर्शनी काच फोडली, तेव्हा अण्णांच्या तोंडून तो शब्द निघाला आणि जन्माचा चिकटला. पुढे तो वर्तमानपत्रांतही छापून आला. कित्येक वर्षं देशाच्या हँडबॉल संघात डावी बाजू म्हणजे तोफ, असं समीकरणच होतं. यंदा पहिल्यांदाच एवढी मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा आपल्या देशात भरली, आणि संघ जाहीर व्हायच्या आदल्या दिवशी प्रशिक्षकांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, की डावीकडे आता एका तरुण मुलीला खेळवायचंय. सोळा जणींत तिचं नाव आलं नाही. सतरावी तीच होती, हे साऱ्या देशाला ठाऊक होतं, आणि तेच जास्त लागलं होतं. घरी येऊन तिनं खेळाची पिशवी माळ्यावर टाकली, कामाचा जाड कोट अंगात चढवला, आणि त्या दिवसापासून हँडबॉल हा शब्द तिच्या तोंडून नाहीसा झाला.

माईंच्या शेजारी सून बसली होती, मांडीवर तिचं बाळ, ढब्बू. सूनही हँडबॉलवालीच. तोफेच्याच क्लबात गोलरक्षक होती. गोलात हातपाय पसरून अशी काही उभी राहायची, की तोफेनं पहिल्याच दिवशी तिचं नाव खेकडी ठेवलं. एकदा तोफ तिला घरी जेवायला घेऊन आली, आणि तोफेच्या भावानं त्या दिवशी तीनदा पाणी सांडलं. बाकीचं सगळं मागाहून झालं. ढब्बू झाल्यावर खेकडीनं खेळ सोडलाच असं सगळ्यांनी धरून चाललं होतं, खेकडी सोडून. याच मोसमात ती क्लबात परतली, आणि महासंघानं निवडलेल्या पस्तीस जणींच्या मोठ्या चमूत राखीव म्हणून तिचं नाव राहिलं होतं. त्याचा अर्थ काही फारसा नसतो, असं ती स्वतःच सांगायची.

"ही गोलरक्षक चांगली आहे हं," थोरल्या जाऊबाई केकचा तुकडा मोडत म्हणाल्या. माईंच्या दिरांच्या पश्चात घरात मोठ्या त्याच. वरच्या मजल्यावर राहायच्या आणि तिथूनच सगळ्यांचं चालवायच्या. "नाहीतर कधीच दहा गोलांनी हरलो असतो."

त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत ती चांगली गोलरक्षक उडी मारून खाली येताना दुसऱ्या खेळाडूच्या बुटावर पडली. घोटा नको त्या बाजूला वळला. सगळ्या आरशांत तो वळला. कुणाच्या तरी हातातला चमचा बशीत वाजला.

"गेली," खेकडी हळूच म्हणाली. "ही आता या स्पर्धेत उभी राहत नाही."

पडद्यावर दुसरी गोलरक्षक धावत आली. अगदी कोवळी पोर, चेहरा पांढराफटक. सामना संपला तेव्हा फरक तीनचा सात झाला होता. हळूहळू एकेकाची नजर खेकडीकडे वळली, आणि ती ढब्बूच्या मोज्याशी उगाच खेळत राहिली.

चहाचे पेले विसळायला घेतले तेव्हा तिचा फोन वाजला.

ती उभ्याउभ्याच बोलली. "हो. हो, बघितलं मी. हो, सराव चालू आहे... परवा?" मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "मला तासभर द्या, बाई," आणि फोन टेबलावर पालथा ठेवला.

"संघाच्या व्यवस्थापक बाई होत्या. तिसरी गोलरक्षक म्हणून बोलावतायत. उद्या संध्याकाळपर्यंत पोचायला हवं. परवा गटातला शेवटचा सामना."

माईंच्या मनात त्या क्षणी जे आलं ते त्यांनी मेल्यावरही कुणाला सांगितलं नसतं. फोन चुकीच्या पोरीला आला, असं आलं. लगेच त्यांनी ते मनातून पुसलं, पण काचेवर ओलं फडकं फिरवावं आणि डाग आणखी पसरावा, तसं झालं.

मुलगा पहिल्यांदा भानावर आला. "म्हणजे तू जाणार! अगं, देशाच्या संघात!"

"आणि हा?" जाऊबाईंनी ढब्बूकडे बोट दाखवलं. "दहा महिन्यांचं पोर. अंगावर पितंय अजून. त्याला काय टपालानं पाठवणार? खेळ म्हणजे खेळ असतो, बाई. संसार म्हणजे संसार."

"त्याला मी सांभाळीन," मुलगा म्हणाला.

"तू? तू काल त्याचं झबलं उलटं घातलं होतंस."

"काकू, उलटं घातलं तरी पोर सुलटंच राहतं."

अण्णा हसले, मग जाऊबाईंचा चेहरा बघून हसायचे थांबले. "वहिनी म्हणतात त्यात तथ्य आहे," ते म्हणाले, आणि मग मुलाचा चेहरा बघून पुढे म्हणाले, "पण पोराचं म्हणणंही अगदीच..." अण्णांचं हे असंच. काच कापताना हात कधी हलला नाही, पण घरच्या भांडणात काटा नेहमी मध्ये.

"वाद नका घालू," खेकडी म्हणाली. "मी नाही म्हणून सांगते."

"का?" मुलानं विचारलं.

"ढब्बू लहान आहे. मोठ्या काकू बरोबर सांगतायत."

असं म्हणताना तिनं भिंतीकडे बघितलं. अगदी पापणी लवावी एवढंच. पण माईंनी ते बघितलं, आणि त्यांना कळलं की कारण ढब्बू नाही.

त्याच वेळी यंत्र थांबलं. एवढा वेळ चाललेली घरघर बंद पडली की शांतता कशी अंगावर येते, तशी ती आली. दार उघडलं. तोफ उंबऱ्यात उभी होती, डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर सरकवलेला, हात कोपरापर्यंत काचेच्या पिठानं पांढरे.

"भिंत पातळ आहे," ती म्हणाली. "मी सगळं ऐकलंय. काय सांगणार आहेस तू त्यांना?"

"नाही म्हणून."

"का?"

"ढब्बू..."

"ढब्बूचं नाव घेऊ नकोस. तो बिचारा काही बोलला नाही. माझ्याकडे बघून सांग."

खेकडीनं वर बघितलं. तिचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता. "तू इथे अशी काचा घासत बसलीयस, आणि मी तोच शर्ट घालून जाऊ? मला या खेळात कुणी आणलं? या घरात कुणी आणलं?"

"अच्छा. म्हणजे दया."

"दया नाही गं."

"मग काय आहे? दोघी मिळून काचा घासूया? छान! दुकानाची भरभराट होईल." तोफेनं हातमोजे काढून टेबलावर आपटले, केकवर पांढरी भुकटी उडाली. "हे बघ. मला काढलं ते त्यांनी. तू नाही काढलंस. मला राग आलाय, खूप आलाय. तुझाही आलाय. मघाशी फोन वाजला तेव्हा वाटलं, भिंतीतून हात घालून तो फोडावा. पण तो राग चार दिवसांत उतरेल. तू माझ्यासाठी घरी बसलीस ना, तर तो मी जन्मभर धरून ठेवीन. आणि ते तुला परवडणार नाही. आपण एकाच घरात राहतो."

जाऊबाई माईंकडे वळल्या. "तू का गप्प आहेस? सासू आहेस तू तिची. सांग काहीतरी."

आजवर असा प्रश्न आला की माईंचं उत्तर ठरलेलं असे: जाऊबाई म्हणतील तसं. लग्न होऊन या घरात आल्या तेव्हापासून ते तसंच होतं, आणि त्यात त्यांना कधी काही बोचलंही नव्हतं. पण आत्ता त्यांच्यासमोर दोन पोरी उभ्या होत्या, एकमेकींवर डोळे वटारून, आणि दोघी एकमेकींसाठीच भांडत होत्या. असं भांडण नशिबात सगळ्याच सासवांच्या नसतं.

"ती जाईल," माई म्हणाल्या. "ढब्बू तिच्याबरोबर जाईल. आणि ढब्बूबरोबर मी."

"अगं पण..."

"जाऊबाई, तुमचा मान मोठा आहे. पण हे मी ठरवलंय."

जाऊबाईंनी भुकटी लागू नये म्हणून पदराआड धरून ठेवलेला केकचा तुकडा बशीत ठेवला, उठल्या, आणि एक शब्दही न बोलता जिना चढून गेल्या. वरचं दार वाजलं. जोरात नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपत.

"मग मीही येतो," मुलगा म्हणाला.

"तू आणि अण्णा उद्या दवाखान्याच्या खिडक्या बसवणार आहात. शब्द दिलाय त्यांना. रोगी काय उघड्या खिडकीत झोपणार?"

"मी जाते माईबरोबर," तोफ म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. "काय बघताय? ढब्बू आता जड झालाय. माईच्या कमरेला झेपणार नाही." मग ती खेकडीकडे वळली. "तासभर मागितलास ना? दोन मिनिटांत होकार कळव आणि बूट घालून अंगणात ये. या मोसमात तू फक्त आपल्या क्लबच्या पोरींचे फटके अडवलेस. तिकडे ज्या आल्यात ना, त्या फेकत नाहीत. मारतात."

*

अंगण म्हणजे काचांचं गोदामच. लाकडी घोड्यांवर दोन्ही बाजूंनी तावदानं तिरपी टेकवलेली, मधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट. इथे चेंडू खेळायला या घरात सक्त मनाई होती, आणि ती ज्या मुलीमुळे घालावी लागली, तीच आता हुकूम सोडत होती.

"ती मोठी आधी उचला. दादा, तू खालून धर. अण्णा, तुम्ही नका वाकू."

"मला शिकवू नकोस," अण्णा म्हणाले आणि वाकले.

चामडी हातमोजे घालून चौघं तावदानं कारखान्यात वाहून नेऊ लागली. काच दोघांनी धरायची, पावलाला पाऊल जुळवून चालायचं, वळणावर आधी पुढच्यानं 'वळतोय' म्हणायचं. माई आणि तोफ एका ताडमाड काचेच्या दोन टोकांना होत्या. काचेतून माईंना लेकीचा चेहरा दिसत होता, जरासा हिरवट, आणि ती ओठ दाबून धरून होती.

"रडायचं असेल तर रड," माई म्हणाल्या.

"वळतेय," तोफ म्हणाली.

त्या वळल्या. काच घोडीवर नीट टेकवली. मग तोफेनं मनगटानं नाक पुसलं. "माई, मी अजून चांगली खेळते."

"माहितीय मला."

"मग मला का काढलं?"

माईंना त्याचं उत्तर माहीत नव्हतं आणि खोटं उत्तर त्यांनी दिलं नाही. त्यांनी लेकीच्या केसांतलं काचेचं पीठ बोटांनी झटकलं. "प्रशिक्षकांना अक्कल नाही म्हणून म्हण, नाहीतर वय म्हण. दोन्ही बरोबर असेल. पण परवा सामना बघताना मला नुसती गप्प बसवून ठेवू नकोस. मला तो खेळ अजूनही कळत नाही. मला सगळं समजावून सांगावं लागेल."

"इतकी वर्षं कळत नाही?"

"इतकी वर्षं मी फक्त तुला बघत होते."

तोफ हसली. नाक लाल, डोळे लाल, पण हसली.

अंगणाच्या भिंतीवर मुलानं खडूनं गोल आखला. खेकडी त्याच्यापुढे उभी राहिली, आणि खरोखरच खेकडी झाली: गुडघे वाकलेले, हात पसरलेले, डोळे चेंडूवर. तोफेनं चेंडू हातात घेतला. बरेच दिवसांनी घेतला होता. तळव्यावर एकदा तोलला आणि फेकला.

खेकडीनं तो सहज झेलला. "आता दया कोण दाखवतंय?"

पुढचा फटका इतका जोरात आला, की भिंतीवरचा खडू उडाला आणि अण्णांनी डोळे मिटून घेतले. गोल. त्याच्या पुढचाही गोल. मग एक मांडीवर लागून उडाला, दुकानाच्या खिडकीच्या चौकटीवर आपटला आणि परत आला.

वरची खिडकी उघडली. जाऊबाईंचं डोकं बाहेर आलं, मागोमाग एक जुनी गादी आली, आणि धप्पकन अंगणात पडली.

"ती खिडकीला उभी लावा," त्या म्हणाल्या. "आठवडाही नाही झाला नवी काच बसवून." आणि खिडकी बंद झाली. पूर्ण नाही, फटीतून बघता येईल इतकी उघडी राहिली.

ऊन उतरेपर्यंत ते चाललं. उंच, खालून, टप्पा देऊन, उडी मारून, मनगट वळवून. तोफ फेकताना बोलत होती: ही अशी खांदा पाडते, ती हवेत थांबते, ती तुझ्या डोळ्यांत बघून भलतीकडे मारते. प्रत्येक देशाचा संघ तिला पाठ होता. खेकडीच्या दंडावर, पोटरीवर, पोटावर लाल वळ उठले. शेवटी शेवटी ती दोनांतला एक अडवायला लागली. माई पायरीवर ढब्बूला घेऊन बसल्या होत्या आणि बघत होत्या. त्यांची लेक घामानं निथळत होती, ओरडत होती, भांडत होती. संघ जाहीर झाल्यापासून घरात जी एक परकी, शहाणी, मोजकं बोलणारी बाई वावरत होती, ती कुठल्या कुठे गेली होती.

*

स्पर्धेच्या शहरात संघ उतरला होता त्या हॉटेलात त्यांना शेवटच्या टोकाची खोली मिळाली. तोफ ढब्बूला खांद्यावर टाकून लांबलचक व्हरांड्यात येरझारा घालायची आणि तिच्या जुन्या मैत्रिणी खोल्यांतून बाहेर यायच्या, काहीतरी बोलायच्या, काहीतरी बोलायचं टाळायच्या. सामन्याच्या सकाळी ती तरुण मुलगी समोर आली, जिला तोफेची जागा मिळाली होती. ती पोर मान खाली घालून भिंतीकडे सरकली. तोफेनं ढब्बू उचलून तिच्या हातात दिला.

"धर जरा. मला बुटाची नाडी बांधायचीय."

नाडी बांधायला तिनं पुष्कळ वेळ लावला. उठली तेव्हा ढब्बूनं त्या मुलीचं नाक मुठीत पकडलं होतं आणि दोघं हसत होती. "आज त्यांची उजवी बाजू सुस्त आहे," तोफ म्हणाली. "बाहेरून धावत आत ये. घाबरू नकोस."

दुपारी सभागृह खचाखच भरलं. समोरचा संघ गतवेळचा उपविजेता. एकेक मुलगी दारात वाकून शिरेल अशी. जिंकलं तर आपण पहिल्यांदाच उपांत्यपूर्व फेरीत, बरोबरी झाली तरी घरी. ढब्बूच्या कानांवर माईंनी कारखान्यातले आवाज अडवायचे मोठाले कानझाक चढवले होते, आणि तो एखाद्या वैमानिकासारखा इकडेतिकडे बघत होता. शेजारी एक धिप्पाड बाई गळ्यात भोंगा अडकवून बसली होती.

पहिला अर्धा भाग बघवत नव्हता. त्या कोवळ्या गोलरक्षक पोरीचे हात चेंडू गेल्यावर वर जात होते. मध्यंतराला पाच गोलांनी मागे.

"आता हिला आणतील," तोफ म्हणाली. तिचं नख तोंडात होतं.

आणलं. ध्वनिक्षेपकातून नाव पुकारलं गेलं, खेकडी धावत गोलात गेली, दोन्ही खांबांना हात लावला, आणि हातपाय पसरून उभी राहिली. पहिला फटका तिच्या कानाजवळून आत गेला. दुसरा दोन पायांमधून. मागून कुणीतरी म्हणालं, "ही कोण नवीन? बाळंतपणातून उठवून आणलीय वाटतं." माईंनी मागे वळून असं काही बघितलं, की त्या माणसानं उगाच टोपी काढली.

"पाय!" तोफ ओरडत होती. "पाय हलव गं!"

तिसरा फटका मांडीवर बसला. चौथा पोटावर. पाचवा तिनं पंज्यानं असा टोलवला, की चेंडू प्रेक्षकांत आला. भोंगेवाल्या बाईनं भोंगा फुंकला. आणि तिथून काहीतरी फिरलं. समोरच्या उंच मुली फेकण्याआधी थबकायला लागल्या, बघायला लागल्या, आणि बघायला लागल्या की खेकडी आधीच तिथे असायची. इकडे तरुण मुलीनं बाहेरून धावत आत येऊन एक गोल मारला, मग तसाच दुसरा. तोफ प्रत्येक वेळी जागेवरून अर्धी उठायची, उजवा हात खांद्यामागे जायचा, आणि मग ती पुन्हा बसायची. माईंना ते दिसत होतं. त्यांनी लेकीचा तो हात धरला आणि आपल्या मांडीवर ठेवला.

"तुमची मुलगी का हो ती गोलातली?" भोंगेवालीनं विचारलं.

"सून," माई म्हणाल्या. इतक्या मोठ्यानं, की पुढच्या रांगेनं वळून बघितलं. "मुलगी ही. हीसुद्धा काही कमी नाही."

बरोबरी झाली. परत मागे पडले. परत बरोबरी. शेवटच्या मिनिटात तरुण मुलीनं हवेत लटकत फेकलेला चेंडू खांबाला लागून आत गेला आणि आपण एका गोलानं पुढे झालो. सभागृह उभं राहिलं. पण समोरची उंच कर्णधार मुसंडी मारून आत घुसली, आपल्या दोघींनी तिला मागून ओढलं, आणि पंचबाईंनी शिट्टी वाजवून हात सात मीटरच्या रेषेकडे दाखवला. वेळ संपल्याचा भोंगा त्याच क्षणी वाजला. आता फक्त एक फेक. समोर गोलरक्षक, मध्ये कुणी नाही.

"काय झालं?" माईंनी विचारलं. "संपला ना सामना?"

"ही एक फेक राहिली. गोल झाला तर बरोबरी."

"आणि बरोबरी म्हणजे..."

"घरी."

माईंनी ढब्बूला छातीशी घट्ट धरलं. कर्णधार रेषेवर उभी राहिली. एवढ्या माणसांत टाचणी पडली असती तर ऐकू आली असती, आणि त्या शांततेत तोफ जिवाच्या आकांतानं ओरडली, "खाली! ती खाली मारते! खाली!"

कर्णधारानं हात उचलला, एकदा हूल दिली, दुसऱ्यांदा दिली. खेकडी खाली गेली नाही. तशीच उभी राहिली, ताठ, हात वर, जणू तिला कुणी खिळ्यानं ठोकलं होतं. चेंडू सुटला तो वर. तिच्या कोपरावर आदळला, आडव्या खांबावर आपटला, आणि वरून उडून गोलाच्या मागे जाऊन पडला.

मग काय झालं ते माईंना नीट सांगता आलं नसतं. भोंगेवाली त्यांच्या गळ्यात पडली होती. टोपीवाला त्यांचा हात हलवत होता. त्या स्वतः बाकावर उभ्या राहून ओरडत होत्या, आणि काय ओरडत होत्या ते त्यांनाच कळत नव्हतं. खाली मैदानावर सोळाच्या सोळा जणी एका ढिगात पडल्या होत्या आणि त्या ढिगाच्या तळाशी खेकडी होती.

तोफ मटकन खाली बसली. हसत होती आणि गालांवरून पाणी वाहत होतं. "माझं ऐकलं नाही," ती म्हणत होती. "बघितलंस माई? कारटीनं माझं ऐकलं नाही!"

ढिगातून सुटून खेकडी पायऱ्या चढत वर आली. कोपर सुजून टम्म झालं होतं. तिनं ढब्बूला घेतलं, आणि ढब्बूला सामन्याबिमन्याशी काही देणंघेणं नव्हतं, त्याला भूक लागली होती. ती तिथेच पायरीवर बसली, माईंनी शाल पुढे धरली. तोफ तिच्यासमोर उकिडवी बसली.

"मी खाली म्हटलं होतं."

"ऐकलं मी. तिनंही ऐकलं. अख्ख्या सभागृहानं ऐकलं. म्हणून तर म्हटलं, आता ही वर मारणार."

मग दोघी अशा हसायला लागल्या, की ढब्बूला पिता येईना आणि तो चिडला.

कॅमेरा घेऊन एक वार्ताहर वर आली, शाल बघून थबकली, आणि तिनं माईक तोफेपुढे धरला. "तुम्ही इतकी वर्षं या संघात होता. आज इथे बसून बघताना वाईट वाटलं?"

तोफेनं थोडा विचार केला.

"वाटलं ना. वाटणारच," ती म्हणाली. "मी असते तर एवढ्या शेवटापर्यंत आलंच नसतं. पण आमच्या घरातली होती गोलात, म्हणून जिंकलो. हे छापा."

तेवढ्यात माईंचा फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला आणि बोलायला गेल्या, तर आवाजच उमटेना. नुसती हवा. पलीकडून अण्णा हुंदके देत होते, मध्येच मुलगा काहीतरी किंचाळत होता, आणि मग कुणीतरी फोन हिसकावून घेतल्याचा आवाज आला.

"कोण बोलतंय? तू आहेस ना? बोलत का नाहीस?" जाऊबाई होत्या.

तोफेनं फोन घेतला. "माईचा घसा बसलाय, काकू. मला सांगा."

"तुला काय सांगायचं. दवाखान्याच्या खिडक्या झाल्या बसवून. सामना संपताच निघालो, आम्ही तिघं स्टेशनवर आहोत. पुढच्या सामन्याच्या तीन जागा धर. आणि मला पार पुढे बसव, ऐकतेयस ना? मला त्या पंचबाईंशी दोन शब्द बोलायचेत."